हातावरची मोठी जखम झाकायला फ्लॅप कोणता? तीन सल्ले आणि निवडीचा हिशोब

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं. भावाचा उजवा हात यंत्राच्या रोलरमध्ये सापडला. कोपर ते मनगट या भागाच्या खालच्या निम्म्यात, मागच्या आणि करंगळीकडच्या बाजूची साधारण १६ बाय ९ सेंटिमीटर कातडी गेली. अल्ना, म्हणजे या भागातलं करंगळीकडचं हाड, मोडलं होतं, त्याला पहिल्याच दिवशी प्लेट बसवली आणि ती प्लेट आता जखमेत उघडी दिसते. बोटं सरळ करणाऱ्या टेंडनपैकी, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांपैकी, अनामिकेचं आणि करंगळीचं तुटून मधला तुकडाच गेलाय, बाकीची उघडी आहेत. आज नववा दिवस. एक डॉक्टर म्हणतात, व्हॅक्यूम ड्रेसिंग चालू ठेवा, जखम लाल झाली की स्किन ग्राफ्ट करू. दुसरे जांघेतला फ्लॅप (स्वतःच्या रक्तवाहिन्यांसकट आणलेली कातडी) सुचवतात, म्हणजे हात तीन आठवडे जांघेला जोडून ठेवायचा. तिसरे मांडीचा फ्री फ्लॅप म्हणतात, म्हणजे कातडी पूर्ण सुटी करून तिच्या रक्तवाहिन्या हातातल्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या. तिघंही अनुभवी, आणि तुम्हाला कळेनासं झालंय की ऐकायचं कोणाचं.

तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, म्हणून हा गोंधळ. पहिल्यांच्या डोळ्यासमोर जखम बंद करणं आहे. दुसऱ्यांना कमीत कमी जोखमीत भरवशाची कातडी आणायची आहे. तिसरे चार महिन्यांनी याच कातडीखाली टेंडन घालावं लागणार आहे, त्याचा विचार करतायत. माझं मत आधीच सांगते: या जखमेला नुसता ग्राफ्ट पुरणार नाही. उरलेल्या दोघांपैकी कोणाचं ऐकायचं हे त्या हातातल्या रक्तवाहिन्या कशा आहेत आणि ती शस्त्रक्रिया करणारं पथक कोणतं आहे यावर ठरेल. जखम न बघता कागदावर शेवटचा निर्णय देता येत नाही, पण निर्णय होतो कसा ते सांगता येतं.

सुरुवात ग्राफ्टपासून. ग्राफ्ट म्हणजे मांडीवरून घेतलेला कातडीचा पातळ थर. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तगतो, मग खालच्या केशवाहिन्या त्याच्यातल्या केशवाहिन्यांशी जुळू लागतात, आणि पाच-सात दिवसांत तो गुलाबी होऊन चिकटतो. सगळी मदार खाली काय आहे त्यावर. स्नायू, चरबी, लालबुंद ग्रॅन्युलेशन (जखम भरताना येणारा नवा, रक्ताने भरलेला थर), हाडावरचं जिवंत आवरण, यांच्यावर ग्राफ्ट छान लागतो. आवरण सोललेल्या हाडावर, उघड्या सांध्यावर किंवा धातूच्या प्लेटवर लागत नाही, कारण तिथून त्याला रक्त मिळायचं साधनच नाही.

टेंडनच्या बाबतीत थोडं जवळून बघावं लागतं. ताज्या जखमेत निरोगी टेंडन पांढरंशुभ्र आणि चकचकीत दिसतं. त्यावर एक ओलसर, पारदर्शक पापुद्रा असतो. बारीक चिमट्याने तो हलकेच उचलला की त्यात केसापेक्षा बारीक लाल रेषा दिसतात. हा पॅराटेनॉन. तो शाबूत असला तर त्यावर ग्राफ्ट धरतो. पण ड्रेसिंग सरकून तो भाग कोरडा पडला की हा पापुद्रा सुकतो, टेंडनची चमक जाते, रंग पिवळट होत जातो, आणि काही दिवसांनी ड्रेसिंग काढताना त्याचे तंतू सुटे होऊन हातात येतात. त्या अवस्थेतलं टेंडन परत जिवंत होत नाही. तुमच्या भावाची बाकीची टेंडन अजून चमकतायत की मळकी दिसायला लागलीत, हे पुढच्या ड्रेसिंगला डॉक्टरांना मुद्दाम विचारा. निकड किती आहे ते त्या एका उत्तरातून कळेल.

आणि समजा पॅराटेनॉनवर ग्राफ्ट धरला, तरी तो खाली चिकटतो. बोट सरळ करताना मनगटाजवळचं टेंडन काही सेंटिमीटर मागे-पुढे सरकतं. कातडी त्याला चिकटून बसली की ते सरकणं थांबतं. जखम बरी झालेली दिसते, बोटं मात्र अर्धवटच उघडतात.

व्हॅक्यूम ड्रेसिंगबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून दोन शब्द जास्त. १९९७ साली अर्जेंटा आणि मॉरिकवास यांनी ही पद्धत मांडल्यापासून उघड्या जखमांचं व्यवस्थापन खूप सोपं झालं. साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्याइतकं ऋण दाबाचं खेचणं, फोमचा तुकडा, वर चिकट फिल्म. सूज उतरते, स्राव निघून जातो, ग्रॅन्युलेशन भराभर येतं. शस्त्रक्रियेपर्यंतचे दिवस काढायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा ते तात्पुरतं साधनच उपचार समजून आठवड्यामागून आठवडे चालू ठेवलं जातं. प्लेटच्या कडांवरून ग्रॅन्युलेशन सरकत येतं आणि एक दिवस प्लेट दिसेनाशी होते. सगळ्यांना बरं वाटतं. पण तोवर धातूवर जिवाणूंचा चिकट थर बसलेला असतो, ज्याच्यापर्यंत अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही. त्यावर ग्राफ्ट लावला तर तीन-चार महिन्यांनी तिथेच बारीक छिद्र पडून पू यायला लागतो, आणि मग हाड न जुळण्याचं नवं दुखणं मागे लागतं. त्वचेच्या कृत्रिम जाळ्या, म्हणजे डर्मल टेम्प्लेट, लहानशा उघड्या टेंडनवर उपयोगी पडतात. दोन-तीन आठवड्यांनी त्यावर ग्राफ्ट लावता येतो. उघड्या प्लेटसाठी मी त्यांच्यावर विसंबणार नाही.

वेळेचा मुद्दा यातूनच येतो. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथले सर्जन मार्को गोडिना यांनी १९८६ साली ५३२ फ्री फ्लॅपचा अभ्यास प्रसिद्ध केला. इजा झाल्यापासून ७२ तासांच्या आत केलेल्या फ्लॅपमध्ये अपयश ०.७५ टक्के होतं. तीन दिवस ते तीन महिने या काळात केलेल्यांत ते १२ टक्क्यांवर गेलं. तीन महिन्यांनंतर केलेल्यांत ९.५ टक्के. जंतुसंसर्गाचे आकडे अनुक्रमे १.५, १७.५ आणि ६ टक्के. यातले बरेचसे रुग्ण पायाच्या दुखापतींचे होते आणि तेव्हा व्हॅक्यूम ड्रेसिंग नव्हतं, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुमच्या भावाला लावू नका. आज नीट साफ केलेली आणि नीट झाकलेली जखम नवव्या-दहाव्या दिवशीही चांगल्या अवस्थेत असू शकते. मधल्या काळात घाण, सूज आणि जखमेजवळच्या रक्तवाहिन्यांचा ठिसूळपणा वाढत जातो, हे मात्र तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. नवव्या दिवशी घाबरायचं कारण नाही. विसाव्या दिवशीही चर्चाच चालू असेल तर आहे.

वेळेइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, डिब्राइडमेंट महत्त्वाचं. मेलेला स्नायू, चिरडलेली चरबी, हाडाचे सुटे तुकडे काढून टाकणं हे काम दिसायला रुक्ष असतं आणि बऱ्याचदा घाईत उरकलं जातं. रोलरच्या जखमेत तर पहिल्या दिवशी जिवंत वाटलेला स्नायू तिसऱ्या दिवशी काळा पडतो. म्हणून दर ४८ तासांनी, पुन्हा भूल देऊन, पुन्हा बघायचं. चिमट्याने धरल्यावर आकसणारा आणि कापल्यावर रक्त येणारा स्नायू ठेवायचा, बाकी काढायचा. घाणेरड्या जखमेवर टाकलेला उत्तमातला उत्तम फ्लॅप खाली पू साठवून उचलला जातो. विजेच्या धक्क्याने भाजलेल्या हातात हे आणखी अवघड, कारण तिथे वरून निरोगी दिसणाऱ्या भागातल्या रक्तवाहिन्याही आतून खराब झालेल्या असू शकतात. त्या हातातच रक्तवाहिनी जोडण्यापेक्षा पोटाचा किंवा जांघेचा, मूळ जागेशी रक्तवाहिन्यांच्या देठाने जोडलेला फ्लॅप मला तिथे जास्त सुरक्षित वाटतो.

आता फ्लॅपकडे. फ्लॅप म्हणजे कातडी, चरबी, कधी स्नायू किंवा हाडसुद्धा, स्वतःच्या धमनी-शिरेसकट आणलेलं. खाली काय आहे यावर तो अवलंबून नाही, त्यामुळे प्लेट, सांधा, टेंडन काहीही झाकतो. उलट खालच्या भागाला तोच रक्त पुरवतो. देठ मूळ जागी ठेवून फिरवला तर पेडिकल्ड फ्लॅप. रक्तवाहिन्या कापून दुसरीकडे नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जोडला तर फ्री फ्लॅप.

हाताच्या कोणत्या भागाला काय, याचे काही ठोकताळे आहेत. दंडाला फारशी अडचण येत नाही. तिथे चहूबाजूंनी स्नायू असल्यामुळे बहुतेक वेळा ग्राफ्टवर भागतं. मुख्य धमनी किंवा ह्यूमरसची, म्हणजे दंडाच्या हाडाची, प्लेट उघडी पडली तर पाठीचा लॅटिसिमस डॉर्सी स्नायू काखेतल्या देठावर फिरवून आणता येतो. मोठा, भरवशाचा, आणि बायसेप्स गेला असेल तर त्याच्या जागी कोपर वाकवण्याचं कामही करू शकणारा.

कोपर मात्र फसवा भाग आहे. जखम लहान दिसते, कारण हात सरळ ठेवून मोजलेली असते. कोपर वाकवला की मागची जखम लांबते, आणि सरळ हातावर मोजून बसवलेला फ्लॅप पहिल्याच व्यायामाला ताणून कडेने उसवतो. म्हणून कोपराच्या मागची जखम वाकवलेल्या स्थितीतच मोजायची. ऑलेक्रॅनॉनच्या, म्हणजे कोपराच्या मागच्या हाडाच्या, टोकावरची छोटी जखम शेजारच्या अँकोनियस स्नायूने झाकता येते. त्याहून मोठीला दंडाच्या बाहेरच्या बाजूची कातडी खाली वळवतात. हा रिव्हर्स लॅटरल आर्म फ्लॅप. त्याला रक्त रेडियल रिकरंट धमनीच्या जोडण्यांतून उलट दिशेने मिळतं. रुंदी सहा सेंटिमीटरच्या आसपास ठेवली तर दंडावरची जागा सरळ टाक्यांनी मिटते, तिथे ग्राफ्ट लागत नाही. कोपराच्या पुढच्या बाजूला ब्रॅकिओरेडियालिस स्नायू वळवता येतो. लॅटिसिमस कोपरापर्यंत पोहोचतो खरा, पण ऑलेक्रॅनॉनच्या काही सेंटिमीटर खाली नेला की त्याचं टोक काळं पडण्याची शक्यता वाढते. आणि नेमकं ते टोकच महत्त्वाच्या जागेवर बसवलेलं असतं! कोपराखालच्या जखमेला तो ओढून-ताणून आणू नये.

तुमच्या भावाची जखम या सगळ्याच्या खाली आहे. त्या पट्ट्यासाठी जवळपासचे दोन फ्लॅप पुस्तकात पहिल्यांदा सुचतात, आणि तुमच्या कोणत्याच डॉक्टरांनी ते का सुचवले नाहीत असं तुम्ही विचारलं होतंत. कारण सांगते.

पहिला रेडियल फोरआर्म फ्लॅप. १९७० च्या दशकाच्या शेवटी चीनमध्ये यांग गुओफान आणि सहकाऱ्यांनी तो वापरात आणला, म्हणून बराच काळ तो चायनीज फ्लॅप या नावानेच ओळखला जायचा. कोपराखालच्या पुढच्या बाजूची पातळ, मऊ कातडी अंगठ्याकडच्या रेडियल धमनीसकट उचलायची आणि मनगटाच्या बाजूच्या देठावर उलटी फिरवून आणायची. धमनी जाडजूड, देठ लांब, फ्लॅप फसण्याची भीती कमी. किंमत अशी की हाताच्या पंजाला रक्त देणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांपैकी एक कायमची खर्च होते. दुसरी, म्हणजे करंगळीकडची अल्नर धमनी, धडधाकट असायला हवी. ॲलन टेस्टने ते तपासतात: दोन्ही धमन्या दाबून मूठ आवळायला लावायची, पंजा पांढरा पडला की मूठ उघडून फक्त अल्नर सोडायची, आणि लाली किती सेकंदांत परत येते ते बघायचं. तुमच्या भावाची जखम नेमकी अल्नर बाजूलाच आहे, हाडही तिथलंच मोडलंय. अशा हातातली रेडियल धमनी काढायला कोणीही दहा वेळा विचार करेल. शिवाय जिथून कातडी उचलतात तिथे ग्राफ्ट लावावा लागतो, तो मनगटाजवळच्या टेंडनवर कधीकधी लागत नाही, आणि दिसायलाही ती जागा आयुष्यभर खटकते. आधीच फाटलेल्या हातावर आणखी १६ सेंटिमीटरची जखम, हा हिशोब जुळत नाही.

दुसरा पोस्टिरिअर इंटरॉसियस फ्लॅप. हा माझ्या विशेष आवडीचा, कारण यात कोणतीही मोठी धमनी खर्च होत नाही. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापासून मनगटाच्या करंगळीकडच्या हाडाच्या डोक्यापर्यंत रेघ ओढायची. त्या रेघेखाली, करंगळी सरळ करणारा स्नायू आणि मनगट करंगळीकडे उचलणारा स्नायू यांच्यामधल्या पडद्यात ही बारीक धमनी असते. पडदा उलगडत जाताना तिच्या फांद्या दोऱ्याएवढ्या दिसतात, आणि तिला बिलगून गेलेली नर्व्ह जपताना श्वास रोखून काम करावं लागतं. मनगटाच्या साधारण दोन सेंटिमीटर वर ती पुढच्या इंटरॉसियस धमनीला मिळते. त्याच बिंदूवर फ्लॅप फिरतो. पंजाच्या मागच्या बाजूला, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात याच्याइतका सुंदर फ्लॅप नाही. पण तुमच्या भावाच्या बाबतीत तो फिरण्याचा बिंदू आणि ती रेघ, दोन्ही जखमेच्या आतच आहेत. रोलरने चिरडलेल्या भागातली एवढी नाजूक धमनी शाबूत असेल यावर मी पैज लावणार नाही.

छोट्या जखमांसाठी परफोरेटर फ्लॅप (खालून कातडीत येणाऱ्या एखाद्या बारीक धमनीवर उचललेले), पंख्याच्या पात्यासारखे फिरवायचे प्रोपेलर फ्लॅप असे बरेच पर्याय आहेत. बोटांच्या टोकांचं तर वेगळंच शास्त्र आहे. १६ बाय ९ ला यातलं काही लागू होत नाही.

मग उरले दोन, आणि तुमच्यासमोर नेमके तेच ठेवलेत.

जांघेतला फ्लॅप मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी १९७२ साली सांगितला. जांघेच्या घडीतल्या पट्ट्याच्या, म्हणजे इंग्वायनल लिगामेंटच्या, साधारण अडीच सेंटिमीटर खाली मांडीच्या मुख्य फेमोरल धमनीतून एक फांदी निघून कमरेच्या हाडाकडे जाते. तिच्यावरची लांबट कातडी उचलून हातावर शिवायची, मधला भाग नळीसारखा गुंडाळायचा. तीन आठवड्यांत हाताकडून नव्या रक्तवाहिन्या फ्लॅपमध्ये शिरतात, मग देठ कापायचा. सूक्ष्मदर्शक लागत नाही, रात्रभर चालणारी शस्त्रक्रिया लागत नाही, हातातली एकही धमनी खर्च होत नाही. जांघेतली जागा सरळ टाक्यांनी मिटते आणि व्रण कपड्याखाली झाकला जातो. विजेने भाजलेला हात, रक्तवाहिन्या खराब असलेला हात, मायक्रोसर्जरीची सोय नसलेली जागा, अशा ठिकाणी आजही मी तो निःशंकपणे करते. त्याला जुनाट म्हणून नाक मुरडणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मी एकच आठवण करून देते: १९७३ साली मेलबर्नमध्ये डॅनियल आणि टेलर यांनी घोट्यावर केलेला सुरुवातीचा गाजलेला फ्री फ्लॅप जांघेतल्या याच कातडीचा होता.

त्याची दुसरी बाजूही ऐका. तीन आठवडे हात हृदयाच्या खाली लोंबतो, म्हणजे सूज. खांदा आणि कोपर एका जागी, म्हणजे आखडणं. बोटं हलवायला सांगतो, पण दुखऱ्या, बांधलेल्या हाताची बोटं पेशंट कितपत हलवतात ते आम्हाला ठाऊक आहे. चाळिशीच्या पुढच्या माणसाचा खांदा मोकळा व्हायला नंतर बरेच आठवडे जातात. झोप, आंघोळ, शौचाला जाणं, सगळ्याला दुसऱ्याची मदत. देठ कापल्यावर कडेचा थोडा भाग काळा पडू शकतो. आणि जांघेची कातडी आपल्यासोबत चरबी घेऊन येते. वजन वाढलं की हातावरचा तो उंचवटाही वाढतो. तो पातळ करायला आणखी एक-दोन छोट्या शस्त्रक्रिया लागतात.

मांडीचा फ्री फ्लॅप, म्हणजे अँटेरोलॅटरल थाय फ्लॅप, चीनमधल्याच साँग यांनी १९८४ साली मांडला. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूची कातडी, लांब देठ, आणि रुंदी आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत असली तर मांडीवरची जागा बहुधा सरळ मिटते. तुमच्या भावाची जखम नेमकी या मापात बसते. हातावर त्याची धमनी जखमेपासून वर, निरोगी भागात जोडतात. रेडियल धमनीला कडेने भोक पाडून जोडता येते, त्यामुळे ती धमनीही चालू राहते. फ्लॅपबरोबर मांडीच्या फॅशियाचा, म्हणजे स्नायूवरच्या चिवट आवरणाचा, तुकडा आणता येतो. टेंडनला सरकायला तो गुळगुळीत पृष्ठभाग देतो. हात मोकळा राहतो, उशीवर उंच ठेवता येतो, आणि हाड-टेंडनची स्थिती परवानगी देईल तसा पहिल्या काही दिवसांतच बोटांचा व्यायाम सुरू होतो. चार-सहा महिन्यांनी टेंडनसाठी परत जायचं तेव्हा फ्लॅपची एक कड उचलून आत जाता येतं आणि परत शिवता येतं. ग्राफ्टखाली हे करणं जवळपास अशक्य. स्नायूचा फ्लॅप आणून त्यावर ग्राफ्ट लावला तरी पुन्हा उचलताना त्रास होतो, म्हणून या जखमेला मी कातडीचाच फ्लॅप निवडेन.

जोखीम एकच, पण मोठी. जोडलेल्या दोन-अडीच मिलिमीटरच्या धमनीत किंवा शिरेत गुठळी झाली तर अख्खा फ्लॅप जातो. अनुभवी ठिकाणी शंभरातले पंचाण्णवहून जास्त फ्री फ्लॅप टिकतात. महिन्यातून क्वचित एखादा करणाऱ्या ठिकाणी हा आकडा गृहीत धरू नका. शस्त्रक्रिया पाच ते आठ तास चालते आणि पहिले तीन दिवस रात्रंदिवस पहारा लागतो. पहिल्या रात्री दर तासाला कोणीतरी येऊन फ्लॅपला हात लावून बघतं. बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा. शंका आली तर बारीक सुईने टोचायचं. क्षणभराने लालभडक थेंब आला, तर ठीक. काहीच आलं नाही आणि फ्लॅप फिका, थंड पडलाय, तर धमनी बंद. टोचताक्षणी काळपट रक्त भळाभळा आलं, फ्लॅप जांभळट, फुगलेला, आणि दाबल्यावर रंग नको इतक्या झटपट परत येतोय, तर शीर बंद. दोन्हीत पेशंटला काही तासांच्या आत परत ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) न्यायचं असतं. सकाळी मोठे डॉक्टर आल्यावर बघू, असं म्हणणाऱ्या ठिकाणी फ्री फ्लॅप करू नये.

त्यामुळे तिसऱ्या डॉक्टरांना मी हे विचारेन: असे फ्लॅप तुमच्याकडे नेहमी होतात का, रात्री दोन वाजता शीर बंद पडली तर ओटी आणि सर्जन मिळतात का, आणि फ्लॅप गेलाच तर पुढचा पर्याय काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'मग जांघेतला फ्लॅप' असं आलं तर मला आनंद होईल, कारण त्यांनी पुढचा विचार केलाय. शस्त्रक्रियेआधी हाताच्या धमन्यांची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारं स्कॅन) किंवा निदान डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासणं) झालंय का, हेही विचारा. दोन्ही धमन्या चालू असतील आणि पथक सरावाचं असेल तर मांडीचा फ्री फ्लॅप. यातलं एक जरी डळमळीत असेल तर जांघेतला फ्लॅप, तोही याच आठवड्यात, आणि पहिल्या दिवसापासून फिजिओथेरपिस्टला सोबत घेऊन. पहिल्या डॉक्टरांचं व्हॅक्यूम ड्रेसिंग तोपर्यंत चालू राहू दे, त्यात गैर काही नाही. फक्त शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली हवी.

टेंडनचं काय, असं तुमच्या वडिलांनी विचारल्याचं लिहिलंय. मधला तुकडा गेला असल्याने टोकाला टोक जोडता येणार नाही. फ्लॅपच्या वेळी तिथे सिलिकॉनची कांडी ठेवून जागा राखता येते आणि काही महिन्यांनी तिच्या जागी दुसरीकडून आणलेलं टेंडन घालता येतं. किंवा करंगळी-अनामिकेची खालची टोकं शेजारच्या मधल्या बोटाच्या चालू टेंडनला शिवता येतात. दुसरा मार्ग सोपा आणि बऱ्याचदा पुरेसा असतो. हे फ्लॅपच्या आधी ठरलं पाहिजे, कारण फ्लॅपची कड कुठे ठेवायची, व्रण टेंडनच्या रेषेवर येऊ द्यायचा की नाही, हे त्यावर अवलंबून आहे.

संवेदनेबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. फ्लॅपवर कित्येक महिने स्पर्श कळणार नाही, गरम-गारही नाही. स्वयंपाकघरात, इस्त्रीजवळ, यंत्राजवळ तो भाग भाजला तरी समजत नाही. मागच्या बाजूला हे चालून जातं, सवय मात्र करावी लागते.

आणि शेवटचं, जे तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलं होतं. भाऊ सिगारेट ओढतो आणि ते तुम्ही अजून डॉक्टरांना सांगितलेलं नाही. आजच सांगा. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, फ्लॅपच्या कडा काळ्या पडण्याचं आणि हाड उशिरा जुळण्याचं प्रमाण वाढतं. आजपासून सिगारेट पूर्ण बंद, तंबाखू आणि मिश्रीही बंद, आणि भेटायला येणाऱ्यांनीही त्याच्या खोलीत ओढायची नाही. निकोटीनचा पॅच किंवा च्युइंगम परस्पर सुरू करू नका, त्यातही निकोटीनच असतं. ते द्यायचं की नाही ते शस्त्रक्रिया करणारे आणि भूल देणारे डॉक्टर ठरवतील. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आधी पायात झालेली एखादी गुठळी, यातलं काही असेल तर तेही त्याच वेळी सांगून टाका.